धंद्यासाठीं गाडी घेतांना करांचा हिशेब

मंद्रूप हें गांव सोलापूर-विजयपूर हमरस्त्यावर आहे. सोलापूरची बाजारपेठ येथून वीस-पंचवीस किलोमीटरांवर असून दक्षिणेस भीमा ओलांडली कीं कर्नाटकाची हद्द लागते. अशा ठिकाणीं शेतीस जोडून कांहीं ना कांहीं धंदा करणारीं घरें पुष्कळ असावयाचींच. कोणी खतें व औषधें विकतो, कोणी दूध गोळा करून पाठवितो, कोणी गांवचा कांदा खरेदी करून सोलापुरास नेतो, तर कोणी भाड्यानें माल वाहतो. या सर्वांस गाडी लागते. गाडी घेण्याचा विषय निघाला म्हणजे गाडी विकणारा, कर्ज देणारा व शेजारी असे तिघेही एकच सल्ला देतात कीं, धंद्याच्या नांवानें कर्ज काढून गाडी घ्या, म्हणजे कर वाचेल. हा सल्ला कोणाच्या बाबतींत खरा, कोणाच्या बाबतींत फोल, आणि खरा असल्यास किती रुपयांचा, हें आंकडे मांडून पाहावें असें आम्हीं योजिलें आहे.

आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यांत कर्जाचा बोजा किती सहज चढतो व तो उतरविण्यास किती वर्षें लागतात, हें आम्हीं पुष्कळ पाहिलें आहे. म्हणून करांत वाचणारे रुपये व त्यांसाठीं गहाण पडणारी वस्तु हीं दोन्ही एकाच तराजूंत घालून पाहावीं, असें आमचें वाचकांस आरंभींच सांगणें आहे.

प्रथम कर कशावर बसतो तें पाहूं. शेतसारा व आयकर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. शेतसारा जमिनीवर, तर आयकर उत्पन्नावर. परंतु शेतीचें उत्पन्न आयकरांतून मुक्त आहे. आतां वजावट म्हणजे काय? ज्या उत्पन्नावर कर बसतो त्यांतून तें मिळविण्यासाठीं झालेला खर्च वजा करणें, यास वजावट म्हणतात. ज्या उत्पन्नावर करच नाहीं, त्यांतून कितीही खर्च वजा केला तरी हातीं कांहीं लागत नाहीं. म्हणून जो शेतकरी केवळ आपल्या रानांतील कांदा, तूर, द्राक्षें वा डाळिंबें बाजारांत नेण्यासाठीं गाडी घेतो, त्याचा गाडीपायीं एक पैसाही आयकर वाचत नाहीं. गाडी त्यास उपयोगी असेल. पण "कर वाचेल" हें कारण त्याच्यापुरतें नाहींच असें समजावें.

मात्र शेती कोठें संपते व धंदा कोठें सुरू होतो, याची रेषा नीट ओळखली पाहिजे. आपल्या शेतांतील कांदा विकणें ही शेती. शेजाऱ्याचा कांदा विकत घेऊन नफ्यानें विकणें हा धंदा. आपल्या ट्रॅक्टरानें आपलें रान नांगरणें ही शेती. तोच ट्रॅक्टर भाड्यानें देऊन पैसे घेणें हा धंदा. दुभतीं जनावरें पाळून दूध विकणें हें पुष्कळांस शेतीचेंच अंग वाटतें. परंतु आयकराच्या दृष्टीनें दुधाचें उत्पन्न हें शेतीचें उत्पन्न नव्हे. या धंद्याच्या भागापुरताच पुढील सर्व विचार लागू पडतो.

दुसरी गोष्ट, धंद्याचें उत्पन्न असलें म्हणजे कर द्यावाच लागतो असेंही नाहीं. २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून नव्या करपद्धतींत बारा लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्या रहिवाशास साठ हजार रुपयांपर्यंतची सूट मिळते, व त्यामुळें सामान्यतः त्याचा कर शून्य होतो. खतांच्या दुकानांतून किंवा दूध-संकलनांतून वर्षास पांच-सहा लाख रुपये मिळविणाऱ्या माणसाचा कर आधींच शून्य आहे. त्यास गाडीचा घसारा दाखवून काय वाचवावयाचें? शून्यांतून वजा करून शून्यच उरतें. येथें एक अपवाद लक्षांत ठेवावा. शेतीचें उत्पन्न करमुक्त असलें तरी कराचा दर ठरवितांना तें धंद्याच्या उत्पन्नांत मिळवून पाहतात. म्हणून ज्या घरीं धंद्याबरोबर बागायतीचेंही उत्पन्न मोठें आहे, तेथें धंद्याचें उत्पन्न बारा लाखांच्या आंत असूनही कर साठ हजारांहून जास्त निघूं शकतो, व जास्तीचा भाग भरावा लागतो. अशा घरास वजावटीचा उपयोग होतो.

तिसरी गोष्ट अंदाजी पद्धतीची. ज्याची वर्षाची उलाढाल दोन कोटी रुपयांच्या आंत आहे, त्यास कीर्द-खतावणीच्या खटाटोपांत न पडतां उलाढालीच्या आठ टक्के, व बँकेमार्फत आलेल्या रकमेच्या सहा टक्के, एवढें उत्पन्न दाखवून मोकळें होतां येतें. रोखीची आवक एकंदर आवकेच्या पांच टक्क्यांहून अधिक नसेल तर ही मर्यादा तीन कोटींची आहे. दलालीवर किंवा अडतीवर चालणाऱ्यास मात्र ही सवलत नाहीं. भाड्यानें माल वाहणाऱ्यासाठीं निराळा अंदाज आहे. ज्याच्याजवळ वर्षांत कोणत्याही वेळीं दहांहून अधिक मालगाड्या नसतील, त्यानें दर गाडीमागें दरमहा साडेसात हजार रुपये, व बारा हजार किलोग्रॅमांहून अधिक एकूण वजनाच्या जड गाडीसाठीं दर टनामागें दरमहा एक हजार रुपये, असें उत्पन्न धरावयाचें असतें. या दोन्ही अंदाजांत गाडीचा घसारा, कर्जाचें व्याज, डिझेल, चालकाचा पगार हीं सर्व आधींच वजा झालीं असें कायदा मानतो. म्हणून अंदाजी पद्धतीनें विवरणपत्र भरणाऱ्यास कर्ज काढून गाडी घेतल्यामुळें आयकराची वेगळी बचत होत नाहीं.

यावरून असें दिसेल कीं, गाडीवर आयकर वाचविणारा मनुष्य हा थोड्यांपैकीं एक असतो. त्याचें धंद्याचें उत्पन्न कर बसण्याइतकें असावें लागतें, तो पूर्ण हिशेब ठेवणारा असावा लागतो, व गाडी खरोखर धंद्यांत चालावी लागते. ज्याच्या ठिकाणीं हीं तीनही लक्षणें आहेत त्यास पुढील तीन वजावटी मिळतात.

पहिली घसाऱ्याची. गाडीची किंमत एकाच वर्षीं खर्चीं टाकतां येत नाहीं. दरवर्षीं तिचा ठराविक हिस्सा टाकावा लागतो. आयकर नियम १९६२ च्या तक्त्यांत आपल्या धंद्यांत वापरावयाच्या मोटारीस पंधरा टक्के, आणि भाड्यानें चालविण्याच्या धंद्यांतील मालमोटार, बस वा टॅक्सीस तीस टक्के, असा दर दिलेला आहे. हा दर प्रतिवर्षीं उरलेल्या किंमतीवर लागतो, मूळ किंमतीवर नव्हे. दुसरी वजावट कर्जावरील व्याजाची. आणि तिसरी चालू खर्चाची, म्हणजे इंधन, विमा, दुरुस्ती व चालकाचा पगार यांची. हप्त्यांतील मुद्दल हा मात्र खर्च नव्हे. पुष्कळ लोक सबंध हप्ता खर्चीं पडतो असें समजून चालतात व वर्षअखेर हिशेब लिहून घेतांना निराश होतात.

घसाऱ्याच्या बाबतींत तारखेस महत्त्व आहे. ज्या वर्षीं गाडी घेतली त्या वर्षांत ती १८० दिवसांहून कमी वापरली असेल तर त्या वर्षापुरता निम्माच घसारा मिळतो. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्यामुळें ३ ऑक्टोबरपर्यंत कामास लागलेल्या गाडीस पूर्ण, व त्यानंतरच्या गाडीस निम्मा, असा साधारण हिशेब येतो. दसऱ्याची गाडी या रेषेच्या कधीं अलीकडे तर कधीं पलीकडे पडते. दिवाळी-पाडव्याची गाडी नेहमीं पलीकडेच पडते. उलटपक्षीं गुढीपाडवा मार्चमध्यें आला, जसा २०२५ साली ३० मार्चला व २०२६ साली १९ मार्चला आला, तर थोड्या दिवसांच्या वापरावरही त्या वर्षाचा निम्मा घसारा मिळतो. परंतु गाडी नुसती दारांत उभी असून चालत नाहीं. ती नोंदणी होऊन ३१ मार्चपूर्वीं धंद्याच्या कामास लागलेली पाहिजे.

आतां गाडी एक आणि तिचीं कामें तीन, अशी आपल्याकडील स्थिति असते. तीच गाडी सकाळीं दुकानाचीं पोतीं आणते, दुपारीं आपल्या रानांतील माल नेते, व सणावारीं घरच्या मंडळींस सिद्धेश्वराच्या यात्रेस नेते. यांपैकीं केवळ पहिल्या कामाचा हिस्सा वजावटीस पात्र आहे. दुसरें काम शेतीचें, म्हणजे करमुक्त उत्पन्नाचें, तिसरें घरगुती. निम्मी धांव दुकानासाठीं असेल तर घसारा, व्याज व इंधन यांचाही निम्माच भाग मागावा. यासाठीं गाडींत एक साधी वही ठेवावी व तींत तारीख, कोठून कोठें, कशासाठीं आणि किती किलोमीटर, एवढे चार रकाने रोज भरावे. ही वही विचारणा झाल्यावर मागाहून लिहिली तर तिला कोणी किंमत देत नाहीं. तसेंच ज्याच्या नांवें धंदा त्याच्याच नांवें गाडी व कर्ज असावें. धंदा बापाच्या नांवें, गाडी मुलाच्या नांवें आणि हप्ते सुनेच्या खात्यांतून, अशी व्यवस्था घरांत गोड वाटली तरी हिशेबांत वादास कारण होते.

यानंतर पैसा कोणत्या मार्गानें उभा करावा हा प्रश्न येतो. मार्ग मुख्यतः चार आहेत.

पहिला मार्ग पदरच्या पैशाचा. यांत व्याज नाहीं, म्हणून व्याजाची वजावटही नाहीं. पण घसारा पूर्ण मिळतो. व्याजाची वजावट मिळावी म्हणून जवळ पैसा असतां कर्ज काढणें हें शहाणपण नव्हे. शंभर रुपये व्याज देऊन वीस रुपये कर वाचला तरी ऐंशी रुपये गेलेच. मात्र सर्व पैसा गाडींत घालून पुढील हंगामाचें बीं, खत व मजुरी यांसाठीं चढ्या व्याजाची उचल करावी लागणार असेल तर अर्धा पैसा पदरचा व अर्धा कर्जाऊ हें बरें. एक खबरदारी घ्यावी. गाडीची रक्कम रोखीनें देऊं नये. एका दिवसांत एका इसमास दहा हजार रुपयांहून अधिक रोख दिल्यास ती रक्कम घसाऱ्यासाठीं गाडीच्या किंमतींत धरली जात नाहीं. कांदा विकून आलेली रोकड थैलींतून थेट विक्रेत्याकडे नेणाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें; ती आधीं बँकेंत भरून मग धनादेशानें द्यावी.

दुसरा मार्ग गाडी तारण ठेवून घेतलेल्या कर्जाचा. गाडीच्या नोंदणीवर कर्ज देणाऱ्याचें नांव चढतें, पण मालक आपणच राहतों. म्हणून घसारा व व्याज दोन्ही आपल्या हिशेबीं येतात. येथें व्याजाचा दर सांगण्याच्या रीतीकडे लक्ष द्यावें. सहा लाख रुपये पांच वर्षांसाठीं घेतले असें धरूं. एक जण म्हणतो, "आमचा दर दहा टक्के, उरलेल्या मुद्दलावर." दुसरा म्हणतो, "आमचा सहाच टक्के, सरळ." ऐकणारास दुसरा स्वस्त वाटतो. परंतु पहिल्याचा मासिक हप्ता सुमारें १२,७४८ रुपये येऊन पांच वर्षांत व्याज सुमारें १,६४,९०० रुपये होतें. दुसरा मात्र फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज धरीत असल्यामुळें त्याचें व्याज १,८०,००० रुपये होतें. म्हणजे सहाचा दर दहाच्या दरापेक्षां महाग पडला. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठीं, व लहान उद्योगांच्या मुदत-कर्जांसाठीं, बँकेनें व वित्तसंस्थेनें सर्व आकार धरून होणारा वार्षिक टक्केवारी दर एका मुख्य माहितीपत्रकांत लिहून दिला पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. सही करण्यापूर्वीं तें पत्रक मागून घ्यावें व दोन ठिकाणचीं पत्रकें शेजारीं ठेवून पाहावीं.

तिसरा मार्ग जमीन गहाण ठेवून कर्ज काढण्याचा. आम्हांस या ठिकाणीं अधिक आग्रहानें बोलणें भाग आहे. व्याजाची वजावट मिळते ती कर्जाचा पैसा धंद्यास लागला म्हणून. तारण काय दिलें यावर ती अवलंबून नाहीं. गाडी तारण ठेवली तरी वजावट तीच, व जमीन तारण ठेवली तरी तीच. मग जमीन अडकवून करांत अधिक कांहींच मिळत नाहीं. व्याजाचा दर थोडा कमी असेल; पण हप्ते थकले तर दुसऱ्या मार्गांत मुख्यतः गाडी जाते, या तिसऱ्यांत जमिनीवर गंडांतर येतें. गाडीची किंमत दरवर्षीं उतरते, जमिनीची तशी उतरत नाहीं. उतरत्या वस्तूसाठीं टिकाऊ वस्तु गहाण टाकूं नये. पीककर्जाची रक्कम गाडीकडे वळविणें तर सर्वथा टाळावें. त्या कर्जास व्याजाची सवलत मिळते ती पीक उभें करण्यासाठीं व वेळेवर फेडीसाठीं. हंगामाचा पैसा गाडींत अडकला कीं वेळेवर फेड होत नाहीं, आणि सवलतही जाते.

चौथा मार्ग गाडी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें घेण्याचा. यांत मालक भाडेपट्टा देणारा असतो. खऱ्या भाडेपट्ट्यांत घसारा त्याचा. २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही भाडेपट्ट्यानें वाहनें देणाऱ्या कंपनीचा घसाऱ्याचा हक्क मान्य केला. घेणाऱ्यानें धंद्याच्या हिश्शाचें भाडें तेवढें खर्चीं टाकावें. पदरचा पैसा कमी गुंततो हा यांतील लाभ; मुदत संपल्यावर गाडी आपली नसते ही यांतील उणीव. शहरांतील व्यवसायिकांत ही रीत दिसते. खेड्यांत जेथें गाडी दहा-बारा वर्षें वापरावयाची असते, तेथें ती सहसा परवडत नाहीं.

आतां वस्तु व सेवा कराविषयीं. आमच्या मतें नोंदणीकृत दुकानदाराची खरी बचत आयकरापेक्षां येथें अधिक आहे, व तिकडेच बहुतेकांचें लक्ष नसतें. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू मोटारींवरील हा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. खतें, औषधें, सिमेंट, पत्रे असा करपात्र माल विकणाऱ्या नोंदणीकृत दुकानदारानें मालवाहू गाडी घेतली, तर गाडीवर दिलेला कर त्याला स्वतःच्या देय करांत वळता करून घेतां येतो. तेरा माणसांपर्यंत बसण्याची सोय असलेल्या प्रवासी मोटारीवरील कर मात्र, ती दुकानाच्या कामास असली तरी, सामान्यतः वळता होत नाहीं. ज्याचा धंदा केवळ ताज्या कांद्याचा वा भाजीपाल्याचा आहे, त्याचा मालच करमुक्त असल्यामुळें त्यास हा लाभ नाहीं. एकमुस्त पद्धतीनें कर भरणारासही नाहीं. आणि स्वतःच्या शेताचा माल विकणाऱ्या शेतकऱ्यास नोंदणीच लागत नसल्यामुळें त्यासही नाहीं. शिवाय वळता केलेला कर गाडीच्या किंमतींत धरून त्यावर पुन्हां घसारा मागतां येत नाहीं.

हें सर्व एका उदाहरणांत मांडूं. पूर्ण हिशेब ठेवणारा, वर्षास पंधरा लाख रुपये धंद्याचें उत्पन्न असलेला एक खत-विक्रेता घ्या. शेतीचें उत्पन्न येथें धरलेलें नाहीं. त्यानें एप्रिलच्या आरंभीं सात लाख रुपयांची मालवाहू गाडी केवळ दुकानासाठीं घेतली. तिजवरील वस्तु व सेवा कर १,२६,००० रुपये. तो त्यानें हळूहळू वळता करून घेतला. सहा लाख रुपये वर सांगितल्याप्रमाणें दहा टक्क्यांनीं कर्जाऊ घेतले. पहिल्या वर्षीं घसारा १,०५,००० रुपये व व्याज सुमारें ५५,६०० रुपये, मिळून १,६०,६०० रुपये वजा झाले. त्या थरावरील कराचा दर पंधरा टक्के व त्या करावर चार टक्के उपकर धरतां आयकर सुमारें २५,००० रुपयांनीं कमी झाला. त्याच वर्षीं हप्त्यांपोटीं मात्र सुमारें १,५३,००० रुपये गेले. पुढील वर्षीं घसारा ८९,२५० रुपयांवर येतो व व्याजही घटतें. अर्थात् बचतही घटते. पुढें गाडी विकली म्हणजे विक्रीची रक्कम उरलेल्या किंमतींतून वजा करावी लागते. धंद्यांत त्या वर्गाची दुसरी मालमत्ता नसून रक्कम उरलेल्या किंमतीहून जास्त आली, तर त्या वाढाव्यावर कर बसतो. याच दुकानदारानें तेवढ्याच किंमतीची प्रवासी मोटार घेतली असती तर त्याला सव्वा लाखांच्या वळत्या रकमेस मुकावें लागलें असतें.

म्हणून गाडी घेऊं इच्छिणाऱ्यानें विचाराचा क्रम असा ठेवावा. कर बाजूस ठेवून, गाडीवांचून धंद्याचें किती अडतें व भाड्याच्या गाडीस वर्षांत किती पैसे जातात, हें आधीं काढावें. गाडी परवडते असें ठरल्यावर, आपणांस मुळांत कर बसतो कीं नाहीं व आपण अंदाजी पद्धतींत आहों कीं पूर्ण हिशेबांत, तें पाहावें. मग मालवाहू कीं प्रवासी हें ठरवावें, कर्जाचीं दोन माहितीपत्रकें ताडून पाहावीं, आणि शेवटीं तारीख निवडावी. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्यास दिली असून १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलाचा दिवस होय. वर सांगितलेलीं मूळ तत्त्वें त्यांत कायम आहेत, पण कलमांचे क्रमांक बदलले आहेत. आणि दर व मर्यादा तर दर अर्थसंकल्पांत बदलूं शकतात. तेव्हां खरेदीपूर्वीं सोलापुरांतील एखाद्या सनदी लेखापालाकडे आपली कीर्द व सातबारा घेऊन एक फेरी करावी. त्याचा मेहनताना गाडीच्या एका हप्त्याहून बहुधा कमीच पडेल.

कर वाचेल म्हणून गाडी घेणारास गाडीही महाग पडते व करही वाचत नाहीं. गाडी लागतेच म्हणून ती घेणारानें वरील रीतीनें हिशेब केला तर जें न्यायानें वाचावयाचें तें वाचतें, आणि सातबाऱ्याचा इतर हक्कांचा रकाना कोरा राहतो. आमच्या शेतकरी बंधूंनीं दुसऱ्या गोष्टीस पहिलीपेक्षां अधिक मोल द्यावें, एवढीच विनंति.